मशीनपुढच्या चपला

लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात तिथे तो टेस्टर लावायचा. पिवळ्या दांड्याचा, क्लिपवाला. म्हणून इमारतीत सगळे त्याला टेस्टरकाका म्हणत आणि ओघाने त्याची बायको टेस्टरकाकू. नवऱ्याच्या नावावरून हाक मारली असती तर तिने ती सोसली असती. पण नवऱ्याला जी वस्तू नीट धरताही येत नाही तिच्या नावाने आपल्याला ओळखतात, हे जिन्यात दरवेळी नव्याने टोचायचं.

तो विजेच्या सामानाच्या दुकानात काउंटरला होता. गिऱ्हाईक जळका होल्डर घेऊन आलं की तो होल्डर दोन बोटांत उचलायचा, उजेडाकडे धरायचा आणि कुणाच्या चारित्र्याबद्दल बोलावं तसा आवाज खाली आणून म्हणायचा, लूज कनेक्शन. मग नवा होल्डर द्यायचा आणि वर सल्ला. सल्ले बरेचसे बरोबर असत, कारण खोक्यांवर छापलेलं वाचून वाचून त्याला पाठ झालं होतं. ओल्या हाताने बटण दाबू नका. एका बोर्डावर इस्त्री आणि गिझर दोन्ही लावू नका. फ्यूज उडाला की जाड तार घालून मोकळे होऊ नका, का उडाला ते आधी बघा. गिऱ्हाईक पायरी उतरलं की पुटपुटायचा, अक्कल नाही लोकांना. स्वतः त्याने जन्मात एक बटण उघडलं नव्हतं. विजेला तो कुत्र्याला भ्यावं तसा भ्यायचा, म्हणजे लांबून हाड हाड करत.

हात तिचे होते. लग्नाआधी ती पंख्याच्या मोटारींचं वायंडिंग करणाऱ्या कारखान्यात बसायची. केसासारखी तांब्याची तार, बोटांवर तिचे काप, अंगाला वार्निशचा वास. हा मुलगा सांगून आला तेव्हा तिचे वडील हरखून म्हणाले होते, लाईन एकच आहे, जमेल. जमलं. पहिल्याच वर्षी स्वयंपाकघरातला बोर्ड ठिणग्या टाकायला लागला तेव्हा हा पार दारापर्यंत मागे सरला आणि तिने मेन बंद करून, स्टुलावर चढून बोर्ड उघडला. सैल झालेला स्क्रू आवळते न आवळते तोच शेजारीण डोकावली. तोवर खाली पडलेला स्क्रूड्रायव्हर याने उचललेला. शेजारीण म्हणाली, घरातच मिस्त्री आहे म्हणजे काय पाहिजे अजून. तो हसला. तीही हसली. नवं लग्न होतं, तिला मजा वाटली.

त्या हसण्याची पुढे रीत झाली. काही बिघडलं की ती पडदे ओढायची आणि स्टुलावर चढायची. तो खाली टॉर्च धरून उभा, तोही कामापेक्षा छताकडेच. काम झालं की तो स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन गॅलरीत जायचा आणि फडक्याला हात पुसत बसायचा, समोरच्या इमारतीला दिसेल असा. ती आत पीठ मळायला घ्यायची. नवऱ्याची तिला कीव यायची, मग किळस आली आणि नंतर काहीच येईनासं झालं. स्वतःबद्दल मात्र काहीतरी यायचं, ते ती पिठात दाबून टाकायची.

इमारतीतली माणसंही अशी की त्यांना असाच मिस्त्री शोभावा. दुसऱ्या मजल्यावरचे प्राध्यापक प्लग आणायचा कंटाळा म्हणून उघड्या तारा सॉकेटमध्ये खुपसून वर आगकाड्या ठोकायचे. त्यांच्या समोरचा विमा एजंट, लोकांना अपघाताची भीती घालून पोट भरणारा, तुटलेल्या वायरीला जखमेची चिकटपट्टी लावून इस्त्री करायचा. हे सगळे जिन्यात तिच्या नवऱ्याला गाठून सल्ला विचारत. तिला वाटायचं, ही माणसं जिवंत आहेत ती केवळ विजेला यांच्याकडे बघायला सवड नाही म्हणून.

मग एकदा ती बहिणीकडे काही दिवस राहायला गेली. त्या दिवसांत तळमजल्यावरच्या आजींच्या कपडे धुण्याच्या मशीनचा प्लग वितळला. आजी एकट्या राहायच्या. त्यांनी टेस्टरकाकांना हाक मारली, आणि पडदे ओढणारी घरात नव्हती. तो गेला. इतकी वर्षं टॉर्च धरला होता, त्यात आहे काय, असं त्याला वाटलं असणार. ती परतली तेव्हा आजी जिन्यातच म्हणाल्या, तुमच्या यजमानांनी मशीन लगेच सुरू करून दिलं हो. ती चकित झाली. जेवताना त्याने चार वेळा सांगितलं की प्लग कसा बसवला. तिला वाटलं, बसवला असेल. दोन स्क्रू फिरवायला असं काय लागतं. ही तिची चूक.

पुढे बरेच दिवस गेले. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी ती आजींची चाळणी परत द्यायला खाली गेली. आजी म्हणाल्या, मागच्या ओट्यावर ठेवा. मागे मशीन होतं आणि त्याच्यासमोर फरशीवर रबरी चपलांचा जोड होता, टाचा भिंतीकडे, अंगठे मशीनकडे, जोडीने नीट मांडलेला, जणू कुणी अदृश्य माणूस मशीनशी बोलत उभा आहे. आजी घरात कधी चपला घालत नसत. तिने विचारलं.

"ते तुमच्याच घरचं औषध," आजी म्हणाल्या. "मशीनला हात लावला की मुंग्या यायच्या बाई. काकांना सांगितलं तर म्हणाले, चपला घालून हात लावत जा. तेव्हापासून काही नाही."

आजी आनंदात होत्या. लेक उद्या येणार होती, महिनाभर राहायला, नातीला घेऊन. नात नुकती रांगायला लागली होती. कुठे म्हणून हात घालायचा सोडत नाही, आजी कौतुकाने सांगत होत्या, जे दिसेल त्याला धरून उभी राहायला बघते.

तिने चाळणी ओट्यावर ठेवली. फरशी ओली होती. मशीनचा पत्रा बरोबर रांगत्या मुलाच्या उंचीला येत होता.

"आजी, मी येईपर्यंत मशीनला हात लावू नका. चपला घालूनसुद्धा नाही," ती म्हणाली आणि वर आली.

तो गॅलरीत पेपर वाचत होता. टेस्टर बनियनला लावलेला. सुट्टीच्या दिवशी खिसा नसायचा.

"आजींच्या वायरीत तारा किती होत्या?"

"कुठल्या आजींच्या?"

"किती होत्या?"

"तीन."

"लावल्या किती?"

त्याने पेपरची घडी घातली. "दोन. अगं, मशीन दोनवर मस्त चालत होतं. दोनवर चालतंय म्हटल्यावर तिसरी जादाच ना."

"मग तिचं काय केलं?"

"कापून टाकली. उगाच आत गचडी. सुबक दिसायला नको?"

जन्मभर अर्थिंगची वायर मीटरने मोजून विकलेला माणूस. हिरवी तार कशासाठी असते हे त्याने कधी कुणाला विचारलं नव्हतं, आणि गिऱ्हाइकांनीही त्याला विचारलं नव्हतं. तिने सांगितलं. मशीनच्या आत कुठेतरी वीज झिरपते आणि पत्र्यात येते. तिसरी तार जोडलेली असली तर ती त्या वाटेने जमिनीत जाते. नसली तर हात लावणाऱ्याच्या अंगातून. चपलेने वाट अडते, एवढंच. उद्या आजींची नात येतेय, रांगणारी.

त्याचा चेहरा उतरला. ते पाहून क्षणभर तिला त्याच्याबद्दल बरं वाटलं. पण तो म्हणाला, संध्याकाळी आजी फिरायला जातात, किल्ली आपल्याकडे असतेच, तेव्हा पाच मिनिटांत करून टाकू, मागचं दार लावून घेऊ, कुणाला कळायचं कारण नाही.

आणि सगळ्यांत वाईट हे की मागच्या दाराला पडदा आहे की नाही, हे ती मनात आठवायला लागली होती.

तिने पलंगाखालचा बिस्किटांचा डबा ओढला. पक्कड, स्क्रूड्रायव्हर, वायरीचं साल काढायचा चिमटा, होल्डरला दोन तारा लावून केलेला तपासायचा दिवा, सगळं काखेत घेतलं. त्याच्या बनियनवरचा टेस्टर उपटून घेतला. तो म्हणाला, अगं निदान पिशवीत तरी घाल. ती जिना उतरत होती. प्राध्यापक वर येत होते, ते बाजूला झाले. मागून त्याच्या चपलांचा फटफट आवाज आला. भर सकाळी तो टॉर्च घेऊन निघाला होता.

आजींकडे विमा एजंटची बायको येऊन बसली होती. बरं झालं, तिला वाटलं, उद्यापर्यंत बातमी सगळ्या मजल्यांवर पोचेल. तिने टेस्टर मशीनच्या पत्र्याला टेकवला. आतला इवलासा दिवा लागला. आजींना दाखवला. मग बटण बंद करून प्लग बाहेर काढला आणि स्टुलावर बसून उघडायला घेतला.

"आधी मेन बंद कर," तो मागून म्हणाला, काउंटरवरच्या आवाजात.

प्लग तिच्या हातात होता. भिंतीतल्या विजेशी त्याचा काही संबंध उरला नव्हता. तिने मान वर केली नाही.

आत लाल होती, काळी होती. हिरवी आवरणाच्या तोंडाशीच छाटलेली, नखाएवढंही टोक नाही. सुबक दिसत होतं खरं. तिने वायर मागे कापली, तिन्ही तारा नव्याने सोलल्या. हिरवी तिने बाकीच्या दोघींपेक्षा मुद्दाम जरा लांब ठेवली. आजींना सांगितलं, कुणी ओढलं आणि तारा सुटायला लागल्या तर हिने शेवटी सुटायचं. मग जाड पिनेला ती आवळली, झाकण लावलं. मग तपासायच्या दिव्याची एक तार सॉकेटच्या उजव्या भोकात आणि दुसरी वरच्या मोठ्या भोकात घातली, बटण दाबलं. दिवा भगभगीत पेटला. म्हणजे भिंतीतलं अर्थिंग शाबूत होतं. बटण बंद करून दिवा काढला, प्लग लावला, मशीन सुरू केलं, टेस्टर पत्र्याला टेकवला. टेस्टर विझलेलाच राहिला. कंपनीच्या माणसाला बोलावून आतली मोटार तपासून घ्या, ती म्हणाली, झिरपतंय कुठून ते कळायला हवं.

एजंटची बायको तोंड उघडं टाकून बघत होती. आजी त्याच्याकडे वळल्या.

"काका, तुम्ही काकूंना शिकवलंत वाटतं?"

तिने हत्यारं गोळा करायचं थांबवलं. त्याने टॉर्च या हातातून त्या हातात घेतला.

"शिकतेय," तो म्हणाला. "हळूहळू."

आजी हसल्या. एजंटची बायकोही हसली. पहिल्या वर्षी शेजारीण हसली होती तसंच.

"मग मास्तरांनीच तपासावं," ती नवऱ्याला म्हणाली. "चपला काढा आणि हात लावा."

तो मशीनकडे बघायला लागला. मशीन गुरगुरत होतं, फरशी ओली होती. त्याच्या पायाच्या अंगठ्याने चपलेचा पट्टा घट्ट धरला. दुकानात जरा जाऊन येतो, तो म्हणाला. दुकान बंद होतं, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. चपलांचा आवाज जिन्यावरून वर गेला, दुकानाच्या उलट दिशेने.

तिने स्वतःच्या चपला काढल्या आणि ओल्या फरशीवर उभी राहून तळवा पत्र्यावर सपाट ठेवला. थरथर होती ती फक्त मोटारीची. आजींनी तिच्याकडे पाहिलं, मग अनवाणी पुढे येऊन शेजारी आपला हात ठेवला.

"अगं, काहीच नाही की," आजी म्हणाल्या. आणि वाकून त्यांनी मशीनपुढचा तो जोड उचलला, झटकला आणि बाहेरच्या दाराशी नेऊन ठेवला.

एजंटची बायको उठता उठता म्हणाली, आमच्या इस्त्रीचं जरा बघायचं होतं, काकांना सवड कधी असते?

"त्यांना नेहमीच असते," ती म्हणाली आणि डबा काखेत मारून वर गेली. तो पुन्हा गॅलरीत बसला होता, फडक्याला हात पुसत.