विहिरीत उतरलेल्या तीन बाया

जानेवारी जवळ आला की मला दरवर्षी तेच तीन आजार होतात. वजन कमी करायचं, पहाटे उठायचं आणि इंग्रजी सुधारायचं. संक्रांतीचा तीळगूळ पोटात गेला की तिन्ही आपोआप बरे होतात, औषधपाणी लागत नाही.

मी मेहकरच्या एका शाळेत भूगोल शिकवते आणि राहते जानेफळला. काही वर्षांपूर्वी डिसेंबर संपता संपता आमच्या मुख्याध्यापकांनी शिक्षकांसाठी व्याख्यान ठेवलं, नव्या वर्षाची ध्येयं कशी ठरवावीत यावर. बाहेरून एक मार्गदर्शक आले होते. अंगात कोट, कानाला माईक, बोलता बोलता स्टेजभर येरझारा. त्यांनी आम्हाला डोळे मिटायला लावले आणि पाच वर्षांनंतरचे आपण कसे आहोत ते बघा म्हणाले. गणिताचे सर डोळे मिटल्या मिटल्या घोरायला लागले. मला पाच वर्षांनंतरची मी दिसली. आत्ताच्यासारखीच होती, चष्मा तेवढा जाड झाला होता.

संध्याकाळी घरी आल्यावर अंगणातल्या शेकोटीपाशी मी हा सगळा प्रकार नकलेसकट सांगितला. आमचं घर एकत्र. मी आणि माझा नवरा, मोठे दीर, जाऊबाई आणि सासूबाई. पोरं शिकायला बाहेरगावी. सगळे हसले, मग मी त्या मार्गदर्शकांसारखी फेऱ्या मारत एकेकाला ध्येय विचारायला लागले. नवरा म्हणाला, "मी आहे तेवढाच बरा आहे." दिरांना विहिरीवर नवी मोटर बसवायची होती. जाऊबाई ज्वारीचं कणीस भाजत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं,

"मले विहिरीत पोहाचं हाय."

दीर म्हणाले, "काऊन वं? मासोळी हायेस काय तू?"

"लग्न होऊन आली तवापासून पाहून राह्यली मी," जाऊबाई म्हणाल्या. "उन्हाळा आला की गावातले सारे गडी धपाधप उड्या मारतेत. दीर, भाचे, सालदार, कुणीबी. मी वरून भाकरीचं फडकं धरून उभी. भाकर बी मीच आणाची आन कपडे बी मीच सांभाळाचे. आता मले आत जाऊन पाहाचं हाय."

"लोक काय म्हणतील? आन शिकवन कोण?" दिरांनी विचारलं.

"मी शिकवतो," सासूबाई म्हणाल्या.

सासूबाईंचं माहेर पैनगंगेच्या काठावरचं. लहानपणी त्या म्हशीच्या शेपटीला धरून नदी पार करायच्या, पुढे म्हैस मेली आणि त्या शेपटीशिवाय पार करायला लागल्या. हे त्यांनी त्याच संध्याकाळी इतक्या सहज सांगितलं, की दोन्ही मुलगे तोंडाकडे बघत राहिले. एवढ्या वर्षांत बोलली का नाहीस, असं दिरांनी विचारलं, तर म्हणाल्या, "तुह्या बापानं विचारलं नाई, तू बी विचारलं नाई. मंग काय दवंडी देऊ?"

माझं नाव या प्रकरणात कसं गोवलं गेलं ते मला अजून नीट कळलेलं नाही. मी म्हणाले, माझं ध्येय वजन उतरवायचं आहे. जाऊबाई म्हणाल्या, "मंग चाल की. पाण्यात वजन लागतच नाई." विज्ञान त्यांच्या बाजूने होतं, त्यामुळे मी मान डोलावली.

संक्रांतीनंतरच्या रविवारी दीर आणि माझा नवरा मोटरच्या कामाने मेहकरला गेले, तोच दिवस आम्ही धरला. जाऊबाईंनी मुलाची ट्रॅकपँट आणि दिरांचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता. मी पार विटलेला पंजाबी ड्रेस. सासूबाई नऊवारीतच, कासोटा घट्ट मारून. बरोबर तेलाचे रिकामे कॅन, झाकणं घट्ट लावलेले, आणि बैलाचा जाड दोर. जाऊबाईंनी आधी फवारणीच्या औषधाचा कॅन उचलला होता. तो सासूबाईंनी फेकून दिला. म्हणाल्या, "पोहाले जाऊन राह्यलो का मराले?"

हे वाक्य त्यांनी वावराच्या वाटेवर जरा मोठ्यानेच उच्चारलं. शेजारच्या वावरात धुऱ्याजवळ, म्हणजे बांधापाशी, एक शेतकरी हरभऱ्याला पाणी देत होता. त्याच्या कानावर 'मराले' एवढंच पडलं असावं. त्याने मान वर करून पाहिलं तर एकाच घरातल्या तीन बाया, एकीच्या हातात दोर, एकीच्या अंगावर नवऱ्याचा शर्ट, आणि तिघी विहिरीकडे चाललेल्या.

विहिरीवर आल्यावर सासूबाईंनी पहिल्यांदा मोटरचा फ्यूज काढून कमरेला खोचला. मग म्हणाल्या, "पाण्याले नमस्कार करा." आम्ही काठावर उभ्या राहून हात जोडले, डोळे मिटले. जाऊबाईंचं थंडीने नाक वाहत होतं, त्या शर्टाच्या बाहीने नाक पुसत होत्या. शेतकऱ्याला धुऱ्यावरून हे चित्र कसं दिसलं असेल, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला आहे.

तो फावडं टाकून पळत आला. आमच्यापासून जरा लांब थांबला, दोन्ही हात पुढे करून म्हणाला, "वहिनी, थांबा. जागच्या हलू नका. भाऊले मी समजावतो."

"काय समजावता?" जाऊबाई म्हणाल्या.

"जे काय असन ते. घरोघरी मातीच्या चुली, वहिनी. लेकराईकडे पाहा. काकू, तुम्ही तरी. या वयात?"

मी त्याला सांगितलं की आम्ही पोहायला आलोय. त्याने माझ्याकडे फार करुण नजरेने पाहिलं. "मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही तर शिकलेल्या."

त्याने येता येताच फोन लावलेले होते. थोड्याच वेळात वावराच्या वाटेने माणसं दिसायला लागली. मोटारसायकली, एक बैलगाडी, पोलीस पाटील, त्यांच्यामागे अर्धी आळी. बायका पदर सावरत धापा टाकत होत्या. कुणीतरी पिण्याचं पाणी आणलं होतं. मला विहिरीच्या काठावरून ओढून एका झाडाखाली बसवलं आणि एक म्हातारी माझ्या पाठीवरून हात फिरवत "रड माय, रड, मोकळी होय" म्हणायला लागली. मला हसू फुटलं. ते दाबलं तर खांदे हलायला लागले आणि म्हातारीची खात्रीच पटली.

मेहकरच्या रस्त्यावरून आमचे दोघे पुरुष गाडी फिरवून आले. ते उतरायच्या आत गावाने त्यांना धारेवर धरलं. काय त्रास दिला रे बायांना, एकदम तिघी? माझा नवरा तर स्वभावाने असा, की आपण नक्की काहीतरी केलं असेल म्हणून तो आधीच माफी मागायला लागला. दीर ओरडून सांगत होते, "अहो, त्या पोहाले आल्या, पोहाले." पोलीस पाटील म्हणाले, "घरचं झाकाले असं कायबी सांगू नका. बाया कुठी पोह्यतेत काय?"

तेव्हा मला हसू यायचं थांबलं. सगळं गाव तिथे उभं होतं, आणि तीन बाया विहिरीवर जीव द्यायला येतात हे त्यातल्या कुणालाही पटवावं लागलं नव्हतं. पोहायला येतात, हे मात्र कुणाला पटत नव्हतं.

जाऊबाईंनी हा सगळा संवाद कमरेवर हात ठेवून ऐकला. मग त्यांनी कॅनचा दोर छातीशी बांधला, पायऱ्या उतरून शेवटच्या पायरीवर गेल्या आणि कुणी काही बोलायच्या आत पाण्यात पडल्या. उडी नव्हतीच ती, पोतं पडावं तशा पडल्या. वर एकच किंकाळी उठली. जाऊबाई दिसेनाशा झाल्या. मग आधी कॅन वर आले, मागून त्या. नाकातोंडातून पाणी, केस तोंडावर, आणि तोंडात अशा शिव्या की पोलीस पाटलांनी बायकांकडे पाठ फिरवली. सगळ्या शिव्या थेट त्या हरभऱ्यावाल्याला होत्या.

"पाय हालव, तोंड मंग हालव," सासूबाई वरून म्हणाल्या. सून नुसतीच गोल फिरते आहे हे बघून त्या स्वतः उतरल्या. पाण्याचा आवाजही न होता त्या आत गेल्या, आणि पांढरं डोकं तेवढं वर ठेवून त्यांनी विहिरीचा आख्खा फेरा मारला. परत येऊन सुनेच्या हनुवटीखाली हात धरला. वर काठावर दिरांनी टोपी काढली होती. का काढली ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

शेवटी पोलीस पाटलांनी घसा साफ केला. "मंग ठीक हाय," ते म्हणाले. "पण पुढच्या टायमाले आधी सांगत जा." गाव पांगलं. हरभऱ्यावाल्याचं पाणी तोवर धुरा फोडून दुसऱ्याच्या वावरात गेलं होतं, म्हणून तोही पळाला.

त्यानंतर दर रविवारी आम्ही जायला लागलो. दिरांवर वाटेवर पाठ करून बसायची ड्यूटी आली. ती त्यांनी कुरकुरत केली, पण एकही रविवार चुकवला नाही. थंडीत विहिरीचं पाणी कोमट लागतं, हे भूगोल शिकवणाऱ्या मला तेव्हा अंगाने कळलं. दोन-चार रविवारांनी माझ्या पाठीवरून हात फिरवणाऱ्या म्हातारीची सून आली. मग तिच्या दोघी नणंदा माहेरपणाला आल्या तर त्याही आल्या. सासूबाई पायरीवर सुपारी कातरत बसायच्या आणि कुणाच्याही लेकीसुनेला मुलाहिजा न ठेवता बोलायच्या.

होळीच्या सुमाराला जाऊबाईंचे कॅन सुटले. त्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेल्या, तिथल्या कपारीला धरून दम खाल्ला आणि परत आल्या. माझे सुटले नाहीत. मला उताणं तरंगता येतं, तेही कॅनसकट. वजन मी काट्यावर पाहिलं तर होतं तेवढंच होतं.

त्या वर्षी चैत्रातच पाणी तळाला जायला लागलं आणि आमची पोहण्याची शाळा बंद पडली. शेवटच्या रविवारी सगळ्या वर आल्या तरी जाऊबाई पाण्यातच होत्या. उताण्या पडून, हात पसरून, डोळे उघडे. मी हाक मारली, भाकरी खायला चला म्हणाले.

"तुम्ही खाऊन घ्या," त्या खालून म्हणाल्या. "माही भाकर इथंच पाठवून द्या."