मासोळीच्या तोंडाला लावलेली गोळी

शाळेत चौथीपर्यंत गेलो, तेही मार खात. म्हणून जे झालं ते सरळ लिहितो.

भिलाईत कारखाना उभा होऊन राहिला होता. आम्ही सेक्टर दोनच्या कडेला टिनाच्या खोलीत राहत होतो. भरावासाठी माती खोदून नेली, खोलीमागं खड्डा राहिला. पावसात तो भरला, तं मी त्यात रोहूचं बीज सोडलं.

त्याच वर्षी आमचं पहिलं लेकरू पोटातच गेलं. डॉक्टरीणबाईनं सांगितलं, बायकोच्या अंगात रक्त नाही, ताकदीच्या या लाल गोळ्या रोज द्या, नाहीतर बाई हातची जाईल. पण गोळी घशाशी गेली की हिले उलटी. कुटून वरणात टाकली तं वासानंच ताट सरकवलं. मासोळी मात्र आवडीनं खायची.

मग मी डोकं लावलं. गोळ्या मासोळीले चारायच्या अन् मासोळी बायकोले. सरकीची ढेप, कोंडा अन् गोळ्या मळून लाडू वळले. शेजाऱ्यानं पाहिलं. म्हणाला, "तुमची मासोळी पोटुशी हाय का जी?" मी त्याले डोहाळजेवणाचं आवतण देऊन टाकलं.

दोन महिन्यांत मासोळ्या गुबगुबीत झाल्या, खवले चकाकले. बायको तशीच पिवळी.

एका दिवशी घाईत गोळ्या कुटल्याच नाही. संध्याकाळी ती विळीवर मासोळी चिरत होती, पोटातून अख्खी लाल गोळी निघाली. तिनं ती तळहातावर घेतली. मले सगळं कबूल करावं लागलं. तिनं चिरलेल्या मासोळीकडं बोट दाखवलं.

"हिले हात नाही, पानी बी मागत नाही, तरी गिळली. मंग मले कावून नाही जमनार?"

गोळी धुतली अन् गिळून टाकली. उलटी झाली नाही.

पुढं तिचा नियमच झाला. रोज सकाळी बादलीत एक रोहू आणायची, गोळी आधी मासोळीच्या तोंडाले लावायची, मग ही गिळणार. लोक हसले. आमाले दोन लेकरं झाली.

मागच्या वर्षी ती अंथरुणाले खिळली. पुन्हा गोळ्या, पुन्हा उलट्या. खड्ड्याच्या जागी कधीचीच घरं झाली होती. मी बाजारातून रोहू आणली, गोळी मासोळीच्या तोंडाले लावून दाखवली. बायकोनं नीट पाहिलं.

"मेलेली हाय हे. मेलेली काय गिळते?"

मग मीच गिळली, तिच्यासमोर. म्हटलं, पाहा, जमते.

"तुमी तं काहीबी गिळता," म्हणाली अन् तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी गेली.

गोळ्या उरल्या, टाकवत नाही. रोज एक गिळतो. तब्येत एकदम ठणठणीत आहे. काय करू या तब्येतीचं?