कपाटाचं माप

राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स संघात पुरुषांचे पाच जण असतात आणि सहावा असतो स्टेपनी. हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण नऊ वर्षं तीच हाक ऐकून तो तिलाच ओ द्यायला लागला होता. कुणाचा घोटा मुरगळला, कुणाला ताप भरला, की स्टेपनी बसवायची. गंमत अशी की नऊ वर्षांत एकाही मोठ्या स्पर्धेच्या ऐन दिवशी कुणाला काही झालं नाही. एरवी पाचही जण सरावात पडायचे, जिन्यावरून पडायचे, एकजण तर झोपेत पलंगावरून पडला. पण स्पर्धेच्या दिवशी बघावं तर सगळे ठणठणीत. स्टेपनी संघाचा कोट घालून पहिल्या रांगेत बसायचा आणि टाळ्या वाजवायचा. टाळ्या वाजवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, एवढं खरं.

माणूस वाईट होता का? नाही हो. सकाळी सहा ते दोन तो बसच्या सीटांची कव्हरं शिवण्याच्या कारखान्यात असायचा आणि तीनच्या ठोक्याला सरावाच्या हॉलमध्ये. रिंगांवर लटकताना तळवे सोलू नयेत म्हणून हाताला कातडी पट्टे बांधतात. संघातल्या सगळ्यांचे पट्टे तोच शिवून द्यायचा, आणि टाका असा की वर्ष वर्ष उसवायचा नाही. वय एकतीस. बाकीच्या जगात एकतिशीचा माणूस तरुण म्हणवतो, ह्या खेळात त्याला उठताबसता गुडघ्यांची चौकशी ऐकावी लागते.

त्याचं दुखणं एकच होतं, आणि ते त्याच्याच घरात, बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर पाय पसरून झोपायचं. ते म्हणजे त्याचा मेहुणा.

लग्न झालं तेव्हा बायकोचा हा धाकटा भाऊ अकरा वर्षांचा होता. झाडावर चढायचा, गच्चीच्या कठड्यावरून चालायचा, घरात काचेचं काही टिकू द्यायचा नाही. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, ह्याला कुठेतरी अडकवा, नाहीतर हा एक दिवस मान मोडून घेईल." घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. पण स्टेपनीनं त्याला हौसेनं सरावाच्या हॉलमध्ये नेलं. भिंतीला पाय टेकवून हातांवर उभं राहायला शिकवलं, पडायचं कसं ते शिकवलं, रडायचं नाही हेही शिकवलं. पोरगं वाढलं, आणि वाढलं ते आडवं. खांदे असे रुंद झाले की दारातून तिरकं व्हावं लागे. संघातल्यांनी नाव ठेवलं कपाट. बाविसाव्या वर्षी कपाट जे करत होतं ते स्टेपनीला पंचविसाव्या वर्षीही जमलेलं नव्हतं. ज्याला बोट धरून चालायला शिकवलं, तो आता खांद्यावर पाय देऊन पुढे निघाला होता, आणि वर वळून गोड आवाजात विचारत होता, "भाऊजी, माझं कुठे चुकतंय का?"

चुकत नव्हतं, हीच तर पोटदुखी होती.

त्या वर्षी संघातल्या सगळ्यात जुन्या गड्याच्या गुडघ्यानं राजीनामा दिला आणि पाचवी जागा रिकामी झाली. स्टेपनीला वाटलं, आली वेळ. बायकोलाही वाटलं. तिनं त्याचा संघाचा कोट इस्त्री करून खुंटीला लावलासुद्धा. आणि दुसऱ्या दिवशी मास्तरांनी, म्हणजे संघाच्या प्रशिक्षकांनी, हॉलच्या दारावर कागद डकवला. पाचव्या जागेसाठी दोन दिवसांची निवड चाचणी, उमेदवार दोन: स्टेपनी आणि कपाट.

"अगं पण त्याच्यापुढे दहा वर्षं पडली आहेत," तो घरी बायकोला म्हणाला.

"मग मी काय करू? त्याला सांगू पड म्हणून?" ती म्हणाली. "माझा नवरा आणि माझा भाऊ. कुणीही जिंकलं तरी मी हरणार. मला विचारूच नका." आणि तिनं दोघांच्या ताटात सारखंच वाढलं, अगदी मोजून. स्टेपनीनं तरी कपाटाच्या ताटाकडे दोनदा बघितलं. त्याला आता ताटातही चढउतार दिसायला लागला होता.

जळण्याची एक खोड असते. एकदा लागली की माणूस चांगल्यातही चूळ भरून थुंकतो. कपाट सकाळी लवकर उठून पाणी भरायचं, तर स्टेपनीला वाटायचं, दंड दाखवतोय. कपाट म्हणायचं, "भाऊजी, आज घोड्याच्या साधनावर तुम्ही काय मस्त फिरलात," तर ह्याला वाटायचं, मला शाबासकी देतोय, मला. त्याचे पट्टे शिवताना सुई बोटात गेली, तर त्याचाही राग कपाटावर. ह्या माणसाला स्वतःला कळत होतं की आपण वेड्यासारखं करतोय. कळून काही उपयोग नसतो, तो भाग वेगळा.

आता मास्तरांचा एक नियम सांगायला हवा, कारण सगळं त्याच्यावरच अडलं. पॅरलल बार म्हणजे शेजारी शेजारी दोन लाकडी दांडे. त्यांच्यामधलं अंतर प्रत्येकाच्या खांद्यांप्रमाणे कमीजास्त करावं लागतं. खाली खिट्टी असते, ती सैल करायची, दांडा सरकवायचा, पट्टीवरचा आकडा बघून पुन्हा कसायची. जगात कुठेही ज्याचे त्याचे प्रशिक्षक हे माप लावतात. आमच्या मास्तरांचं तंत्र निराळं होतं. त्यांच्या हॉलमध्ये ज्याची कसरत झाली त्यानं खाली उतरून पुढच्याचं माप लावायचं. स्वतःचं माप स्वतः लावलं की अर्धा गुण कापला. "आपले खांदे सगळ्यांनाच माहीत असतात," ते म्हणायचे, "दुसऱ्याचे पाठ पाहिजेत. तरच संघ, नाहीतर नुसती माणसं." स्टेपनीचं माप चव्वेचाळीस सेंटिमीटर, कपाटाचं अठ्ठेचाळीस. म्हणजे दोन बोटांचा फरक. ऐकायला किरकोळ वाटतो. पण अरुंद बारात रुंद माणूस झोक्यानं खाली आला, की दोन्ही दंड दांड्यांवर सोलतात, आणि नशीब फिरलं तर खांदा निखळतो.

चाचणी झाली. पहिल्या दिवशी स्टेपनी जिवावर उदार होऊन खेळला. जमिनीवरच्या उड्यांत कपाट रेषेबाहेर गेलं, घोड्यावर त्याचा पाय घासला. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचं साधन राहिलं, पॅरलल बार, तेव्हा स्टेपनी तीन दशांशांनी पुढे होता. संघातले चौघे भिंतीला टेकून बसले होते. मास्तर टेबलामागे कागद-पेन्सिल घेऊन बसले होते. आधी स्टेपनी, मग कपाट.

स्टेपनीची कसरत आयुष्यात झाली नव्हती इतकी चांगली झाली. तो उतरला तो असा की पाय जागचा हलला नाही. चौघांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी गुण लिहिले आणि म्हणाले, "बरं झालं." नऊ वर्षं ते त्याला बरं झालं म्हणत आले होते.

तो नियमाप्रमाणे वाकला. खिट्टीवर हात ठेवला. तेवढ्यात मास्तर उठले, हाताला चोळायच्या पांढऱ्या भुकटीच्या परातीपाशी उभ्या असलेल्या कपाटाजवळ गेले, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "पोरा, आज दाखव सगळ्यांना."

बस. एवढंच झालं. त्या हाताकडे स्टेपनी बघत राहिला. असा हात आपल्या पाठीवर कधी पडला, हे आठवून बघितलं, आणि आठवेना. मग त्यानं खिट्टीवरचा आपला हात उचलला. खिट्टी हलली नव्हती, बार चव्वेचाळीसवर होता. तो चालत बाकावर जाऊन बसला आणि मन लावून पट्टे सोडू लागला.

बाकीचे लोक बारावर चढण्याआधी हळूच कोपर ते बोटं असा हात मध्ये धरून माप बघून घेतात. भाऊजींनी लावलेला बार कपाटानं कधी तपासला नव्हता. तो सरळ चढला.

थांब म्हणायला स्टेपनीकडे भरपूर वेळ होता. कपाटानं हात वर केला, श्वास घेतला, मास्तरांनी मान हलवली. एक शब्द पुरला असता. तो स्टेपनीच्या तोंडात आला होता आणि त्यानं तो गिळला. पडू दे, त्याच्या मनात आलं. काही मोडू देऊ नको, पण पडू दे.

पहिल्याच झोक्याला दंड दांड्यावर घासल्याचा आवाज आला. कपाटाच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं आणि गेलं. पुढच्या झोक्याला त्यानं कोपरं आत घेतली, खांदे आवळले, आणि दुसऱ्याच्या शर्टात अंग कोंबावं तसं त्यानं त्या अरुंद जागेत सगळं बसवलं. एक उलटी गिरकी सोडली नाही, हातांवरचा एक तोल हलला नाही. उतरला तेव्हा दोन्ही दंडांची आतली बाजू लाल झाली होती आणि एका ठिकाणी रक्त फुटलं होतं. मास्तरांनी बेरीज केली. कपाट एका दशांशानं पुढे गेलं होतं.

स्टेपनीला काय वाटलं असेल? लाज वाटली म्हणाल, तर नाही. त्याला वाटलं, माझ्या मापातही ह्यानं मला हरवलं.

मास्तरांना रक्त दिसलं. ते उठून बारापाशी गेले, वाकून पट्टीवरचा आकडा वाचला. "चव्वेचाळीस," ते म्हणाले. "माप कुणी लावलं?"

स्टेपनीनं तोंड उघडलं, विसरलो असं म्हणणार होता, त्याच्या आधी कपाट बोललं.

"मीच लावलं, मास्तर. भाऊजी पट्टे सोडत होते. मला घाई झाली. आकडा नीट वाचला नाही."

मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं, मग बराच वेळ स्टेपनीकडे बघितलं. "नियम माहीत आहे ना?"

"हो."

"अर्धा गुण." त्यांनी टेबलापाशी येऊन आकडा खोडला आणि नवा लिहिला. "पाचवी जागा," ते म्हणाले आणि स्टेपनीकडे पेन्सिलनं खूण केली.

चौघे उठून आले. एकानं पाठीत धपका घातला. "काय स्टेपनी, नऊ वर्षांनी का होईना, चाक लागलं गाडीला." आणि त्यांच्या मागून कपाट आलं, दंडावर ओला रुमाल दाबत, आणि हसलं. खरं हसलं. त्यात उपकार नव्हता, टोमणा नव्हता, आणि तेच स्टेपनीच्या जिव्हारी लागलं.

म्हणजे खेळातही हाच पुढे, आणि मोठ्या मनातही हाच? आता जन्मभर कोट घालायचा तो ह्यानं काढून दिलेला. तो घरी दिवाणावर पाय पसरून झोपणार आणि आपण दार हळू लावायचं, कारण आपण त्याचे देणेकरी. स्टेपनीच्या अंगाचा तिळपापड झाला. खोटं वाटेल, पण पुढचं जे तो बोलला ते सद्बुद्धी होऊन बोलला नाही. जळून बोलला. एवढं तरी ह्याला एकट्याला मिळू द्यायचं नाही, म्हणून बोलला.

"तो खोटं बोलतोय, मास्तर. माप माझं राहिलं."

"राहिलं?" मास्तर म्हणाले. "विसरलास?"

कपाट घाईनं म्हणालं, "विसरलेच असतील, मास्तर."

"विसरलो नाही," स्टेपनी म्हणाला. "खिट्टीवर हात होता माझा. मी काढून घेतला."

मास्तरांनी कागद फाडला नाही की आरडाओरडा केला नाही. खोडलेला आकडा पुन्हा लिहिला. मग म्हणाले, "राखीवात मी दुसरा बघतो. तू जा, कपडे बदल." चौघांपैकी कुणी त्याच्याकडे बघेना. मघाशी धपका घालणारा वाकून बुटाची नाडी बांधत बसला.

घरी जायचा रस्ता दोघांचा एकच. ऊन अजून होतं. मधल्या बाजारात दुपारची बंद झालेली दुकानं पुन्हा उघडत होती, एक बाई पायरी धूत होती. दोघांच्या सामानाची पिशवी नेहमीप्रमाणे कपाटाच्या खांद्यावर होती. ती मागावी असं स्टेपनीला दोनदा वाटलं आणि दोनदा धीर झाला नाही. त्याला मोकळं वाटायला हवं होतं. लोक म्हणतात ना, खरं बोललं की छाती हलकी होते. त्याच्या छातीत तसलं काही झालं नव्हतं. शेजारच्या त्या रुंद खांद्यांकडे बघून अजूनही आत कुठेतरी चुरचुरत होतं, आणि ह्या माणसाला संघाचा कोट कसा होईल, शिवण उसवून द्यावी लागेल, असा विचारही येऊन गेला.

औषधाच्या दुकानापाशी कपाट थांबलं.

"भाऊजी, एक विचारू?"

"विचार."

"तुम्ही मास्तरांना रागाच्या भरात बोललात ना तसं? खरं म्हणजे विसरला होतात. होतं असं. नऊ वर्षांनी जागा दिसल्यावर माणूस कुठे भानावर असतो. मी वर चढलो आणि पहिल्या झोक्यालाच म्हटलं, भाऊजी विसरले." तो थांबला. "विसरलात एवढंच म्हणा. बाकी मी कुणाला काही विचारणार नाही. ताईलाही सांगणार नाही."

स्टेपनीनं त्याच्या दंडाकडे बघितलं. रुमाल वाळून कातडीला चिकटला होता. हो म्हणणं सोपं होतं. पोरगं स्वतः शब्द हातात देत होतं.

"नाही रे," तो म्हणाला. "तू चढलास तेव्हाही बघत होतो मी. तू पडावंस असं वाटत होतं मला."

कपाट दुकानाच्या काचेत आत बघत राहिलं, जणू काय घ्यायचं ते आठवत होतं. मग त्यानं पिशवी खांद्यावरून काढली, चेन उघडली, स्टेपनीचा टॉवेल, पट्टे, पाण्याची बाटली असं एकेक बाहेर काढून त्याच्या हातात दिलं.

"जागा काय, मला पुढच्या वर्षीही मिळाली असती," तो म्हणाला. "तुम्ही सांगायला नको होतं."

आणि मलम घ्यायला तो दुकानात शिरला. स्टेपनी हातात सामान घेऊन थोडा वेळ बाहेर उभा राहिला, मग एकटाच घराकडे निघाला.