पाण्यावर तरंगणारी पट्टी

कापडाचा तुकडा बशीतल्या पाण्यावर तरंगतच राहिला. मी, डॉक्टरीणबाई आणि विणकर नारायणमामा, तिघंही वाकून बघत होतो.

"बुडायला हवा होता ना, सिस्टर?" बाईंनी विचारलं.

"हो बाई. लगेच."

जखमेवरच्या पट्टीचं काम रक्त आणि पू शोषायचं. पाण्यात टाकल्यावर चटकन बुडेल तेच कापड पट्टीला चालतं. लढाई चालू होती. मुंबईच्या पट्ट्या आधी लष्कराकडे जायच्या. नगरच्या आमच्या दवाखान्यात आम्ही जुनी धोतरं फाडून वापरत होतो. म्हणून गावातल्या विणकरांकडून कापड घ्यायचं ठरलं. नमुना पास झाला तरच सरकारकडून सुताचा कोटा मिळणार होता. सुताअभावी मामांच्या गल्लीतले निम्मे माग बंद पडले होते.

मामा लुगडी विणणारे. पट्टीचं कापड जाळीसारखं विरळ हवं, हे त्यांच्या गळी उतरवताना माझ्या नाकी नऊ आले. "असलं इरळ कापड कुनी बघितलं तर म्हनतील, नारायनाचा हात गेला," म्हणाले. पण विणलं.

"खळ ऱ्हायली आसंल," आता ते म्हणाले. खळ म्हणजे सुताला बळकटी यावी म्हणून लावलेली पेज. आम्ही कापड सोड्यात उकळलं, साबणानं धुतलं. तरंगलं. पुन्हा साबण लावला. आणखीच तरंगलं!

हे काय गौडबंगाल? मी बादली निरखली. कडेला पांढरट, मेणचट थर बसला होता. कापडही बोटांना तसंच लागलं. औषधांसाठी आमच्याकडे डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे वाफेपासून केलेलं पाणी असायचं. एक कोरा तुकडा त्यात तसाच सोडा-साबणानं उकळून धुतला, बशीत टाकला. गपकन बुडाला.

"बाई, आपल्या विहिरीचं पाणी जड आहे!"

जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, चिकटा होतो; तोच कापडावर बसून पाणी आत शिरू देत नव्हता. त्या पाण्यात डाळसुद्धा शिजत नसे. स्वयंपाकाचं पाणी आम्ही नदीकाठच्या विहिरीवरून आणायचो.

"मग कापड तितंच धुऊ की," मामा म्हणाले.

तिथंच धुतलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी खिशातलं घड्याळ काढेपर्यंत तुकडा तळाला गेला होता. कोटा मंजूर झाला, गल्लीतले माग सुरू झाले. पहिली पट्टी भट्टीवर भाजलेल्या एका बाईच्या हाताला बांधली.

पुढे नव्या दवाखान्यात रुजू झाले की मी आधी विचारायची, "इथं डाळ कुठल्या पाण्यात शिजते?"

लोकांना वाटायचं, सिस्टरला भूक लागलीय.