विंचूरचे मनुके आणि माझं फ्रेंच

मी आयुष्यात एकदाच फ्रेंच बोललो, आणि त्यानंतर आमच्या सगळ्या बॅगा उघडल्या गेल्या.

माझी धाकटी बहीण वैशाली लग्नानंतर कॅनडातल्या मॉन्ट्रियल नावाच्या शहरात राहायला गेली. तिला मुलगी झाली, ती रांगायला लागली, चालायला लागली, पार बोलायलाही लागली; आणि आमच्या आईने हे सगळं मोबाइलच्या काचेतून पाहिलं. शेवटी वैशाली म्हणाली, "दादा, या उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळे या. निमित्त सांगू नकोस." झालं! मी, बायको सुनीता, नववीत गेलेली मुलगी सई आणि आई, अशी आमची वरात ठरली.

ही बातमी नाशिकभर पसरायला एक संध्याकाळ पुरली. मग सुरू झाले सल्ले. ऑफिसातले सटाण्याचे बोरसे म्हणाले, "साहेब, तठे लई थंडी शे! स्वेटरं घ्या." मे महिन्यात मी गावभर कानटोप्या शोधत फिरलो. (दुकानदाराने आधी माझ्याकडे, मग बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं आणि मला पाणी दिलं.) सुरगाण्याला शिक्षिका असलेल्या सुनीताच्या मैत्रिणीने सांगितलं, तिकडे खायला काही मिळत नाही, आणि सोबत नागलीच्या पापडांचा डबा पाठवला.

पण सल्लागारांचे मुख्य होते आमच्या वरच्या मजल्यावरचे देशपांडे काका. काका एकदा ग्रुप टूरने पॅरिसला जाऊन आले होते, आणि तेव्हापासून ते चहात बिस्किट बुडवतानाही फ्रान्सचं उदाहरण देतात.

"आईंसाठी विमानतळावर व्हीलचेअर सांग," ते म्हणाले. "रांगच नाही!"

"काका, पण आई रोज सोमेश्वरच्या देवळापर्यंत चालत जाते."

"तिकडे कुणाला माहितीये? आणि दुसरं, मॉन्ट्रियलला फ्रेंच चालतं. इंग्रजी बोललास की तोंड फिरवतात ते लोक. फ्रेंच बोल, पायघड्या घालतील!"

"पण मला येत नाही ना."

"अरे, सोपं आहे! इंग्रजी शब्द घ्यायचा, शेवटचं अक्षर गिळायचं आणि उरलेला नाकातून सोडायचा. झालं फ्रेंच!"

मी मोबाइलवर एक शिकवणीचं अ‍ॅपही घेतलं. त्याने मला 'नमस्कार' शिकवला, 'वुई' म्हणजे 'हो' शिकवलं, 'आभार' शिकवले आणि मग काय मनात आलं कोण जाणे, थेट शेतावर नेलं. शेत म्हणजे 'फेर्म'. गाय म्हणजे 'वाश'. मी स्कूटरवर सिग्नलला थांबलो की "वाश, वाश" करत असे. शेजारच्या रिक्षावाल्याने एकदा काळजीने विचारलं, "काका, बरं वाटत नाही का?"

निघायच्या आदल्या रविवारी आम्ही विंचूरला मामांचा निरोप घ्यायला गेलो. मामांची द्राक्षबाग आहे. मामींनी स्वतः वाळवलेल्या मनुक्यांची भलीमोठी पिशवी आईच्या मांडीवर ठेवली. "वैशूच्या पोरीसाठी हाय. लय ग्वाड हायेत. हातचे हायेत म्हणावं." आईने ती पिशवी घरी येईपर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाही.

तर आम्ही मॉन्ट्रियलला उतरलो. आई व्हीलचेअरमध्ये, चेहऱ्यावर आजारपणाचे भाव (हे सुनीताने तिला विमानात शिकवलं होतं), मागे खुर्ची ढकलणारी एक हसरी मुलगी. समोर तपासणीची खिडकी. खिडकीत गणवेशातल्या बाई. त्या म्हणाल्या, "बाँजूर, हॅलो!"

म्हणजे बघा, बाईंनी दोन्ही दारं उघडी ठेवली होती. मी सरळ आत जायचं सोडून फ्रेंच दारावर धडकलो.

"बाँजूर!" मी नाकातून म्हणालो. बाई खूश झाल्या आणि भडाभडा फ्रेंच बोलू लागल्या.

सई माझा शर्ट ओढत म्हणाली, "बाबा, इंग्रजीत सांगा ना!"

"तू गप्प बस. पायघड्या बघ आता."

बाईंच्या बोलण्यातला 'फ्रुई' एवढा शब्द मला कळला. फ्रूट! शेवटचं अक्षर गिळलेलं! काकांचा सिद्धांत खरा ठरत होता. आता मनुक्याला इंग्रजीत रेझिन. मी 'न' गिळला, उरलेला नाकातून सोडला.

"वुई! रेझँ!"

बाईंची भुवई वर गेली. "रेझँ? फ्रे ऊ सेक?"

यातला 'सेक' मला अनोळखी वाटला, तो मी सोडून दिला. पण 'फ्रे' म्हणजे उघडच फ्रेश! मामींनी दिलेली वस्तू काय शिळी म्हणायची?

"फ्रे!" मी छातीवर हात ठेवून म्हणालो. "त्रे फ्रे!" अत्यंत ताजे!

बाईंनी पेन खाली ठेवलं. पुढच्या प्रश्नात 'फेर्म' हा शब्द आला आणि मला आनंदाने भरून आलं. माझा धडा! "वुई, फेर्म!" मी म्हणालो. मग त्या काहीतरी 'आनिमो' म्हणाल्या. अ‍ॅनिमल! मामांच्या मळ्यात गाय आहे, तीही मी लपवली नाही.

"वाश!" मी म्हणालो, आणि समजायला सोपं जावं म्हणून हंबरूनही दाखवलं.

यानंतर आम्हाला वेगळ्या खोलीत नेण्यात आलं.

तिथे एका लांबलचक टेबलावर आमचा संसार मांडला गेला. आधी कानटोप्या निघाल्या. मग प्रेशर कुकर. मग गोडा मसाला, त्याच्या वासाने दोन अधिकारी शिंकले. मग कुरडया. एकाने कुरडई उजेडात धरली, उलटी केली, दुसऱ्याला दाखवली. दोघांनी हातमोजे बदलले.

"अहो, काय बोललात तुम्ही नेमकं?" सुनीताने दात आवळून विचारलं.

"काही नाही गं. ताजे आहेत म्हणालो."

"आणि हंबरलात का?"

मी टेबलावरच्या कानटोप्यांची घडी घालायला घेतली.

तेवढ्यात एका अधिकाऱ्याने दुसरी कुरडई उचलली, ती कडकन मोडली, आणि आमची आई व्हीलचेअरमधून ताडकन उभी राहिली! "अरे बाबा, हळू! चिकाच्या आहेत त्या!" असं म्हणत ती तरातरा टेबलापाशी गेली. खुर्ची ढकलणारी मुलगी रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. हातमोजेवाल्याने छातीवर क्रूस काढला. त्याला वाटलं असावं, आपल्या डोळ्यांदेखत चमत्कार झाला!

मग आईने मनुक्यांची पिशवी स्वतः शोधून काढली आणि त्या बाईंच्या पुढ्यात ठेवली. "बाई, हे तुम्ही घ्या," ती मराठीत म्हणाली. "टाकून द्या हवं तर. पण मला परत पाठवू नका. लेक बाहेर उभी आहे माझी. नात आहे. मी तिला अजून हातात घेतलेलं नाही."

सईने डोळे पुसत ते सगळं इंग्रजीत सांगितलं.

बाईंनी पिशवी उघडली. आत बोट घातलं. एक सुरकुतलेला मनुका बाहेर काढला, त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"सर," त्या स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, "फ्रेंचमध्ये रेझँ म्हणजे द्राक्षं. ताजी द्राक्षं आणलीत, असं तुम्ही मला सांगितलंत. शेतावरून. गाईजवळून."

"आणि हे?" मी क्षीण आवाजात विचारलं.

"हे रेझँ सेक. वाळलेले. हे चालतात." त्यांनी मनुका परत पिशवीत टाकला. "तुम्हाला इंग्रजी येतं?"

"येतं."

"मग?"

मी मान खाली घातली. सुनीता पुढे झाली आणि म्हणाली, "मॅडम, ते तुम्हाला मान देत होते."

बाई हसल्या. हसता हसता खुर्चीवर बसल्या. मग उठून त्यांनी स्वतः कुरडया कागदात गुंडाळल्या आणि आईला हाताला धरून दारापर्यंत सोडलं. बाहेर वैशाली उभी होती, बिनबाह्यांच्या फ्रॉकमधल्या मुलीला घेऊन. (सगळं शहर अर्ध्या चड्डीत फिरत होतं, बोरसे!) आईने नातीला उचललं, आणि पुढचा बराच वेळ त्या दोघींना आमची काही गरज उरली नाही.

त्या दिवसापासून मी मात्र घराबाहेर तोंड उघडायचं सोडून दिलं. दुकानात बोट दाखवायचं, बसमध्ये मान हलवायची, कुणी 'बाँजूर' म्हटलं तर हात जोडायचे. इंग्रजीचीही हिंमत होईना. न जाणो, तिथेही एखाद्या शब्दाचा अर्थ भलताच निघायचा!

आईचं उलट. वैशालीच्या घराला बाहेरून लोखंडी गोल जिना आहे. खालच्या मजल्यावर एक म्हातारी मादाम राहते, तिला फ्रेंचशिवाय काही येत नाही. आई आणि ती रोज त्या जिन्यावर मटार सोलत बसत. आई मराठीत विंचूरच्या गोष्टी सांगे, मादाम फ्रेंचमध्ये नवऱ्याच्या. दोघी योग्य जागी हसत आणि योग्य जागी डोळे पुसत. मी आपला शेजारी बसून मटारची टरफलं उचलत असे आणि गोड हसत असे.

निघायच्या दिवशी मादामने आईला घट्ट मिठी मारली. मग माझ्यापाशी आली, माझा गाल थोपटला आणि वैशालीच्या कानात हळूच काहीतरी म्हणाली. वैशालीने ओठ घट्ट मिटले आणि गाडीत बसेपर्यंत उघडले नाहीत.

"काय म्हणाली गं?" मी विचारलं.

"जाऊ दे ना दादा."

"सांग की!"

"ती म्हणाली, तुझी आई काय सुंदर बोलते! आणि तुझा भाऊसुद्धा किती समजूतदार आहे." वैशालीला आता हसू आवरेना. "मग विचारत होती, बिचारा जन्मापासूनच मुका आहे का?"