आडावरचा दोर

अक्काची शोकसभा वस्तीतल्या विहारात झाली. आमच्या भागाचे जुने नगरसेवकही आले होते. आता थकले आहेत, एका हातात काठी असते. बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांनी ती भिंतीला टेकवली आणि म्हणाले, "या वस्तीत नळ आला त्यात अक्कांचा वाटा मोठा. आड बुजवायचं ठरलं तेव्हा पहिला दगड त्यांनी टाकला. मी डोळ्यानं पाहिलंय."

लोकांनी माना हलवल्या. त्या दिवशी आडापाशी हजर असलेल्या आमच्या वस्तीतल्या माणसांनीही हलवल्या.

अक्कानं दगड टाकला नव्हता. सभेत उठून बोलणं मला कधी जमलं नाही, तेव्हाही जमलं नाही. म्हणून जे झालं ते सावकाश लिहितो आहे.

अक्का माझी थोरली बहीण. तिला पिंगळीला दिली होती. नवऱ्यानं दुसरी केली, तशी ती कपड्यांचं गाठोडं घेऊन परभणीला परत आली आणि राहिली. तिनं शिवणयंत्र घेतलं. वस्तीतल्या बायकांची झंपरं आणि वरच्या गल्लीतल्या मुलींचे परकर शिवून तिनं मला कॉलेजात घातलं. मी ओसरीत पुस्तक घेऊन बसायचो आणि शेजारी तिचं यंत्र चालायचं. तो आवाज असला की माझं वाचन चांगलं व्हायचं.

आमच्या वस्तीला खालची वस्ती म्हणत. वर चढाला लागून वरची गल्ली. तिथली घरं शेतीवाडीवाल्यांची. कुणाची जमीन पोखर्णीकडं, कुणाची देवगाव फाट्याकडं. दोन्हींच्या मधोमध आड होता. दगडी काठाचा, वर लोखंडी चाक, उन्हाळ्यातही न आटणारा. आमच्या माणसांनी त्यावर कधी पाणी भरलं नव्हतं. भरू नका असंही कुणी म्हणत नसे, म्हणायची वेळच येत नव्हती. आम्हाला हापसा होता.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन गेला होता, त्यानंतरची जाळपोळही होऊन गेली होती आणि नामांतर मात्र लटकलेलं होतं. एकाच भिंतीवर दोन्ही बाजूंच्या घोषणा रंगवलेल्या असत, एक दुसरीवर. त्या वर्षांतल्या एका उन्हाळ्यात आमचा हापसा कोरडा पडला. बायका लांबून रेल्वेच्या बाजूनं पाणी आणू लागल्या. अक्कानं दोन-चार दिवस आणलं आणि मग एका सकाळी बाजारातून नवा दोर आणि पोहरा विकत आणला. बाबा म्हणाले, "हे कायला?"

"आडावर चालले."

"वरचे काय म्हनतेल?"

"म्हनले तर आयकून घेईन. पानी तर भरून होईल."

तिच्या मागं शेजारच्या दोघी-तिघी निघाल्या. आडावर वरच्या गल्लीतली एक म्हातारी भरत होती. अक्का तिच्या नातींचे परकर शिवायची, त्यामुळं ओळख होती. म्हातारीनं अक्काच्या हातातल्या दोराकडं पाहिलं, आपली कळशी थोडी बाजूला सरकवली आणि म्हणाली, "भर माय. लय ऊन व्हायलंय."

एवढंच झालं. भांडण नाही, पोलीस नाही. अक्कानं तो उन्हाळा त्या आडाचं पाणी भरलं. दोर ती चाकालाच बांधून ठेवायची, वरच्या गल्लीतल्या बायकांच्या दोरांशेजारी. घरी कुणी आलं की पाण्याचा तांब्या पुढं करताना म्हणायची, "आडाचं हाय." माझे मित्र आले तरी सांगायची. दिवस बदलले असं आम्हाला वाटलं. वरची गल्ली गप्प होती, आणि ते गप्प बसणं आम्ही होकार समजलो.

नगरसेवक त्याच सुमाराला आमच्याकडं येऊ लागले. नुकतेच निवडून आलेले, वरच्या गल्लीतलेच, तरुण. ते बाबांना "जयभीम मामा" म्हणायचे. वरच्या गल्लीतल्या माणसाच्या तोंडून तो शब्द त्या काळात सहज येत नसे. पहिल्या दिवशी ते सरळ ओसरीत येऊन सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "अक्का, चहा टाका की. का नगरसेवकाला तसाच लावून देता?"

अक्कानं चहा केला. त्यांनी बशीत ओतून, फुंकर मारून, सगळ्यांदेखत प्याला. दारात निम्मी वस्ती उभी होती. बाबा पुढं कित्येक दिवस त्या चहाविषयी बोलत राहिले. ती कपबशी बाबांनी वेगळी ठेवायला सांगितली, पाहुण्यांसाठी.

मग त्यांनी सभा घेतली, दोन्हीकडच्या लोकांची, आडाजवळच्या मोकळ्या जागेत. असली सभा आमच्याकडं पहिलीच. ते म्हणाले, "मी काही सांगायला आलो न्हाई. तुमीच सांगा, काय पायजे." लोक आधी लाजले, मग बोलायला लागले. नाली पाहिजे, खांबावर दिवा पाहिजे, नळ पाहिजे. मागून एका पोरानं विचारलं, "आन् नामांतराचं काय भाऊ?" ते हसले. "ते होईल तवा होईल. ते वर सरकारच्या हातात हाय. आपली गल्ली तर आपल्या हातात हाय ना?" आम्हाला ते पटलं.

नळाचं बोलताना ते म्हणाले, पूर्णेचं पाणी नळानं घरोघर येणार, पण त्याआधी आड बुजवावा लागेल. आरोग्यवाले नारूच्या रोगासाठी मागं लागलेत. उघडं पाणी ठेवायचं नाही असा हुकूम आहे.

अक्का बायकांत बसली होती. तिथूनच म्हणाली, "नारू पायऱ्यांच्या बारवंत होतो म्हनतेत. आडात कोन पाय बुडवायलंय?"

लोक हसले. तेही हसले. "अक्का डॉक्टरीन झाल्या बरं का! अहो, आपल्याला नळ घ्यायचाय ना? नळ आल्यावर आड कामून पायजे?"

"असू द्या की. झाकून ठेवा. खात न्हाई, पीत न्हाई."

"अक्का, जुनं धरून बसलं तर सुधारणा कशी व्हायची?"

त्यावर बाबाच अक्काला म्हणाले, "गप बस. मानूस आपल्या भल्याचं सांगायलाय." खालच्या वस्तीनं हात वर केले. वरच्या गल्लीनंही केले, जरा लवकरच केले. पण त्या वेळी ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

श्रमदान रविवारी सकाळी होतं. वरच्या गल्लीतली एक पडकी भिंत उतरवून ठेवली होती, शिवाय मुरमाचा ढीग. तिथून आडापर्यंत माणसांची रांग लागली, वरचे आणि खालचे एकाआड एक. नगरसेवकांनीच तसं उभं केलं. घमेलं या हातातून त्या हातात. माझ्या एका बाजूला बाबा होते आणि दुसऱ्या बाजूला माझ्या वर्गमित्राचे वडील. त्यांच्या ओट्याच्या वर मी कधी चढलो नव्हतो. घमेलं देताना त्यांची बोटं माझ्या बोटांना लागत होती, आणि त्यांनी ती झटकली नाहीत. बाबांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा पाहिलं नाही. आडाकडं कुणाचं लक्ष नव्हतं. आधी दगड पडला की डुबुक आवाज यायचा. मग खळखळ. दुपारपर्यंत नुसतं धप्प.

रांग सुरू होण्याआधी नगरसेवक म्हणाले होते, "पहिला दगड अक्कांच्या हातानं." त्यांनी दगड उचलून तिच्यापुढं धरला. अक्कानं तो घेतला नाही. ती काठावर चढली, चाकाला बांधलेला आपला दोर सोडला, हातावर गुंडाळला आणि पोहरा काखेत घेऊन खाली उतरली.

वरच्या गल्लीतलं कुणीतरी म्हणालं, "दोर कायला नेताव अक्का? म्हैस घेतली का काय?"

"म्हैस न्हाई. दोर माझा हाय."

हशा झाला. नगरसेवकांनी हातातला दगड स्वतःच आत टाकला आणि टाळ्या वाजल्या. अक्का घरी आली. आम्ही उरलेला दिवस तो आड भरत राहिलो. संध्याकाळी एकाच पातेल्यातला चिवडा सगळ्यांनी मिळून खाल्ला.

नळ आले. वरच्या गल्लीत घरोघर आले. आमच्या वस्तीला कोपऱ्यावर एक सरकारी नळ, खाली सिमेंटचा ओटा. नारळ फोडला त्या दिवशी पाणी असं जोरात आलं की पोरं अंगावर घेऊन नाचली. पावसाळा, हिवाळा बरा गेला. उन्हाळा लागला तशी धार करंगळीएवढी झाली आणि मग तीही थांबली. वरची घरं हौद भरून घ्यायची आणि खाली फक्त हवा यायची. तोटी सोडली की सूंऽऽ असा आवाज. नगरसेवकांना गाठलं की म्हणायचे, "प्रेशर न्हाई मामा. मोठी लाइन मंजूर व्हायलीय." हापसा तसाच मोडून पडलेला होता. तो दुरुस्त करा म्हटलं तर म्हणायचे, "आता नळ असताना हापसा कोन देतं?"

मग अक्का घागर घेऊन वरच्या गल्लीत जाऊ लागली. तिथं तोटीला हात लावायचा नाही. घागर दारासमोर खाली ठेवायची आणि दोन पावलं मागं सरायचं. आतून कुणीतरी बाई यायची आणि उंचावरून ओतायची, म्हणजे भांड्याला भांडं लागत नाही. निम्मं पाणी धुळीत जायचं. आमच्या आजीच्या काळातलं म्हणून जे आम्ही ऐकलं होतं, ते अक्काला बघावं लागलं. तेही एक उन्हाळा स्वतःच्या हातानं पाणी शेंदल्यावर.

आडावर जिनं "भर माय" म्हटलं होतं, त्या म्हातारीच्या दारात एकदा मी अक्काबरोबर होतो. म्हातारी ओतत होती. अक्का म्हणाली, "आजी, लय सांडायलंय. मी तोटीला लावून घेऊ का?"

"सुनंला चालत न्हाई बाई." तिच्या मनात काही लपवायचं नव्हतं, घरातली कुरबूर सांगावी तसं ती बोलत गेली. "तुमी आडावर यायला लागलाव ना, तवाच आमच्या घरच्यांनी प्यायला त्याचं पानी सोडलं होतं. मळ्यातून बैलगाडीनं आनायचे. सगळी गल्ली गेली होती त्याच्याकडं, तुमच्या नगरसेवकाकडं. लय चिडले होते. तो म्हनला, भांडायचं कामच न्हाई. मी त्यांच्याच हातानं बुजवून देतो, आन् नळाचं पानी बी आनतो. तसंच केलं बघ. हुशार मानूस."

मग ती उरलेलं पाणी ओतून आत गेली.

अक्कानं घागर उचलली. वाटेत बुजवलेल्या आडाची जागा लागली. तिथं आता गोल पार बांधला होता आणि त्यावर कुणी तरी वाळवण घातलं होतं. ती थांबली नाही. मी तिला म्हणालो, बाबांना सांगू या. ती म्हणाली, "नको. त्यांना तो रविवार लय गोड वाटतो."

पण ते कळायचं थांबलं नाही. बाबांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "खोटं असल. त्यानं आपल्या घरी चहा पिलाय."

पुढच्या निवडणुकीच्या वेळी नगरसेवक परत आले. बरोबर चार माणसं. "जयभीम मामा" म्हणत तसेच ओसरीत येऊन बसले. गल्लीची सभा घ्यायची होती; लोकांना काय हवं ते लोकांनाच विचारायचं होतं. बाबांनी वेगळी ठेवलेली कपबशी काढली. नगरसेवक म्हणाले, "अक्का, टाका की चहा. तुमच्या हातचा चहा पिऊन लय दिवस झाले."

अक्का यंत्रावरून उठली. आत गेली, रिकामी घागर आणली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"टाकते की भाऊ. तेवढं पानी आना. वरच्या गल्लीतून. तुमाला तोटीला हात लावू देतेल."

बरोबरची माणसं हसायला लागली. त्यांना ती थट्टा वाटली. नगरसेवक हसले नाहीत. त्यांनी घागरीकडं पाहिलं, मग अक्काकडं, आणि मला वाटतं त्या क्षणी त्यांना कळलं की आम्हाला कळलं आहे. ते म्हणाले, "करू अक्का, पान्याचं करू." आणि चपला घालून गेले. बाबा तिला ओरडले. दारात आलेल्या माणसाला असं बोलतात का? मत त्यांनी नगरसेवकांनाच दिलं. ते निवडून आले.

पुढं नामांतर झालं. वस्ती नाचली, अक्कानं साखर वाटली. मला नोकरी लागली आणि मी घरात नळ घेतला. तरी अक्का पिण्याचं पाणी पुढं करताना कधी काही म्हणाली नाही. "आडाचं हाय" म्हणायची, तसं या पाण्याला काही नाव नव्हतं.

शोकसभेनंतर नगरसेवक माझ्यापाशी आले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. डोळे ओले होते, आणि ते खरे ओले होते. ते खोटं बोलले असं मला वाटत नाही. त्यांना आता तसंच आठवत असेल. म्हणाले, "लय मोठी बाई. त्या नसत्या तर ते काम झालं नसतं." कुणीतरी त्यांना पाण्याचा पेला आणून दिला. ते प्याले आणि काठी घेऊन सावकाश वर निघून गेले.

घरी आलो. अंगणात अक्कानं तो दोर आडवा बांधून ठेवला होता, कपडे वाळत घालायला. तिची शेवटची धुतलेली साडी अजून त्यावरच होती. मी साडी काढून घडी घातली. दोराला हात लावून पाहिला. मधे एका ठिकाणी तो चाकावरून जाऊन जाऊन झिजला आहे. एका उन्हाळ्यात झिजला तेवढाच.

माझी सून म्हणाली, आता तार आणू या, हा जुना झाला. मी नको म्हणालो.