उलट हाळी

सखाराम गेला तेव्हा मी बैलांना पाणी दाखवत होतो. आई बांधावर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, सखाराम गेला रे बाबा. मी बैलांना पाणी पाजून घेतलं, दावणीला बांधलं, वैरण टाकली, मग निघालो. लोकांना वाटलं, किसनचं काळीज मोठं घट्ट. काळीज कसलं डोंबलाचं, पाय उचलत नव्हते… त्याला आता सव्वा महिना झाला.

पुसेगावच्या अलीकडं आमचं गाव. सखाराम माझ्याहून चार वर्षांनी मोठा, त्याच्या शेताला माझं शेत लागून. हिंगोलीच्या शाळेत गेला, उर्दूतून सगळे विषय पास झाला आणि नेमका इंग्रजीत गचकला. तरी गावी आला तो इंग्रजीच घेऊन. ज्वारीत दाणा भरला की आम्ही आपापल्या माळ्यावर चढून पाखरं राखायचो. मी आपला ‘हाऽ हाऽ’ करायचो आणि हा गडी गोफण फिरवत पोपटांना ‘बिवेअर’ म्हणायचा. आई म्हणायची, पाखरं राहू दे, ह्यानं माणसं पळतील. तो ओशाळायचा नाही. उलट मलाच शिकवायचा, की आपलं एक ‘जपून’ असतं, त्यांच्यात त्याच्या चार तऱ्हा. आपल्या पायाखाली बघून चालायचं ते केअरफुल. दुसऱ्यापासून धोका आहे ते बिवेअर. जागा न सोडता राखायचं ते गार्ड. आणि दुसऱ्याला आपल्या आडोशाला घ्यायचं ते शेल्टर. एवढं येत होतं तर नापास काहून झाला, असं मी विचारलं की म्हणायचा, पेपरात हे विचारलंच न्हाई.

मग ते वाईट साल आलं. निजामाचा अंमल डळमळायला लागला आणि हत्यारबंद टोळ्या गावं लुटत सुटल्या. ओढ्यापलीकडच्या गावात त्यांनी गंजी पेटवल्या आणि विझवायला धावलेल्या तिघांना त्याच आगीत लोटलं. प्रेतं काढायला आम्ही दोघं गेलो होतो. एकाची ओळख चांदीच्या करदोड्यावरून पटली, बाकी ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या दिवसापासून सखारामची थट्टा बंद झाली. टोळीवाल्यांना मराठी कळायचं, उर्दूही कळायचं, इंग्रजी कुणाच्या बापाला कळतंय? त्यानं माळ्यावरच्या माणसांकडून शब्द घोकून घेतले. ओढ्याकाठी पहिला माळा त्याचा, मधला माझा, गावाजवळचा तिसरा भिकाबांचा. ‘शेल्टर’ ऐकलं की बायालेकरं टेकडीवरच्या तांड्यात न्यायची. नियम एवढाच, की हाळी ऐकणाऱ्यानं तोच शब्द ओरडून उलट द्यायचा, म्हणजे मागच्याला पोचल्याचं कळायचं आणि पुढच्या माळ्यालाही ऐकू जायचं. उलट हाळी आली की पहिल्यानं उतरून ज्वारीत शिरायचं.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले असतील. भर दुपारी सखारामची हाळी आली… शेल्टर. मला ती स्पष्ट ऐकू आली. मान वळवली तर ओढ्याच्या चढावर घोडे. आणि माझी दातखीळ बसली. खरं लिहितो, मला तो काळा पडलेला करदोडा आठवला आणि मी माळ्यावर पालथा पडलो. त्यानं दुसऱ्यांदा हाळी दिली. मी गप्प. तिसऱ्यांदा तो माळ्यावर ताठ उभा राहिला आणि छाती फुटेस्तोवर ओरडला. ती हाळी माझ्या डोक्यावरून थेट भिकाबांना पोचली. गाव निघालं, तांड्यानं सगळ्यांना घरात घेतलं, एक लेकरू मागं राहिलं नाही. पण उभा सखाराम घोडेवाल्यांनाही दिसला. त्यांनी माळ्याच्या मेढी कुऱ्हाडीनं तोडल्या. तो खाली आदळला. बंदुकीच्या दस्त्यानं त्याचे गुडघे फोडले, जबडा फोडला, मग उजवा हात दगडावर धरून बोटं तोडली. पुढचा माळा कुणाचा, हेच विचारत होते. मी हाकेच्या अंतरावर होतो… त्यानं माझं नाव सांगितलं नाही. रिकामं गाव जाळून टोळी निघून गेली, तेव्हा कुठं मी खाली उतरलो.

गावानं विचारलंच. किसननं उलट हाळी काहून दिली न्हाई? सखारामचा जबडा फडक्यानं बांधलेला होता. त्यातून तो म्हणाला, ‘वारा उलटा व्हता. त्याला ऐकूच गेलं न्हाई.’

गावाला पटलं. त्याच्या चार शब्दांतला शेवटचा त्यानं मला दिला आणि मी अकरा महिने त्या आडोशाला बसून राहिलो. रोज जायचो. त्याच्या गुडघ्यांतला पू पुसायचो, त्याला कुशीवर वळवायचो, दाढी करायचो. लाज वाटायची, पण तोंड उघडायचं नाही. पुढं फौज आली, टोळ्या पांगल्या, गावात गूळ वाटला. त्याला गूळ चावता येत नव्हता, मी पाण्यात विरघळवून पाजला. तेव्हाही मी बोललो नाही. दसऱ्याच्या आत तो गेला.

मागच्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो. त्याची बायको, गोदावहिनी, खळ्यावर तिवईवर उभी राहून उडीद उपणत होती. मी खालूनच सगळं एका दमात सांगून टाकलं. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

‘त्या दिशी मी इथंच उपणत व्हते, भाऊजी. भूस समदं गावाकडं उडून राहिलं व्हतं. वारा कोणीकडून व्हता ते मला ठाव न्हाई व्हय?’

मग इतके दिवस बोलली का नाहीस, असं मी विचारलं.

‘ते म्हणाले, किसन आपण व्हऊन सांगंल, तू बोलू नको. रोज तुमी आले की माझ्याकडं बघायचे. तुमी गेले की पुन्हा बघायचे.’

तिनं घरात जाऊन खुंटीवरची त्याची गोफण आणली आणि माझ्या हातात दिली. यंदा त्याचा माळा मी उभारलाय. रोज चढतो, गोफण फिरवतो, पोपट उठतात. गोफणीच्या एका टोकाला बोटात अडकवायचा फास असतो. तो वीस वर्षांत त्याच्या बोटाच्या मापाचा झालाय. माझं बोट त्यात जात नाही.